उताराखाली

बजाजनगरातल्या घराचा माळा.
कवेलू गेले, पत्रा आला, पत्र्याखाली प्लाय,
आणि कुंदा म्हणाली, आता आपण वर झोपू.
झोपू. पण रात्री दोनदा खाली उतरणार कोण?
जिना सतरा पायऱ्यांचा,
गुडघा चौसष्ट वर्षांचा.

म्हणून ऋत्विजा खोब्रागडे आल्या,
सोबत झाडे नावाचा पोरगा,
त्याच्या हातात लाल ठिपका पाडणारं यंत्र.
मी तीस वर्षं कोळशाच्या खाणीत मोजणी केली,
साखळी, टेप, वाकलेली मान.
ठिपका भिंतीवर पडला न पडला तोच आकडा उमटला.
मला जरा रागच आला.

आढ्याखाली सात फूट चार. कडेला चार फूट दोन.
"जिथे उभं राहता येत नाही, तिथे बसायचं,"
बाई म्हणाल्या, आणि कमोड उताराखाली सरकवला,
शॉवर मधोमध.
खाणीत आम्ही दुसरं काय करत होतो?
फक्त कुणी असं पेन्सिलीनं काढून दाखवलं नव्हतं.

मी काठीनं तुळई ठोकली. सवय.
छत पोकळ वाजलं की माणसं मागे घ्यायची.
झाडे थांबला, कान लावला,
"काका, अजून एकदा ठोका बरं."
तिथे आता लोखंडी पट्टी येणार आहे,
नकाशात तिच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय :
काकांनी ऐकलं.

मला छतात काच हवी होती, पडल्यापडल्या दिसणारी.
"मे महिन्यात? भाजून निघाल, काका."
उत्तरेला अरुंद खिडकी मिळाली.
टाकीवर सावली मिळाली, कारण बाईंनाही माहीत होतं,
उन्हाळ्यात दुपारी इथल्या नळाला
आंघोळीचं नाही, चहाचं पाणी येतं.

मग प्रश्न सुरू झाले.
आधी कोण उठतं? अंधारात कोणता हात भिंत शोधतो?
केस कुठे विंचरता?
मी म्हटलं, ही काय चौकशी,
पण कुंदा माझ्याकडे न बघता बोलायला लागली.
महालातल्या भाड्याच्या दोन खोल्या, नऊ माणसं, एक न्हाणी.
दाराला कडी नव्हती, सुतळी होती.
"मी आत गाणं म्हणत राहायची,
आत कुणी आहे हे कळावं म्हणून."

सदतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो,
आमच्या हिला गाण्याची भारी आवड.

तिला निळी फरशी हवी.
बाईंना राखाडी, पाय न घसरणारी.
कुठली निळी, विचारलं, तर नवेगाव बांधच्या
विश्रामगृहातली, लग्नानंतरच्या वर्षी, एकच रात्र.
मला ते विश्रामगृह आठवतं, फरशी नाही.
शेवटी पायाखाली राखाडी ठरली,
आणि आरशाखाली निळ्याची एक ओळ.

तिसरा नकाशा खाली नळाच्या वाटेत बीम आला म्हणून गेला.
चौथ्यात पाणी नीट उताराला लागलं, चाळिसात एक,
तो हिशेब मी स्वतः तपासला. बरोबर होता.
चौथ्यातच बाईंनी दार फिरवलं, बाहेर उघडणारं केलं.
"काहून?" कुंदानं विचारलं.
आत कुणी पडलं तर, एवढंच त्या म्हणाल्या
आणि रबर शोधू लागल्या, जे समोरच होतं.

"कडी मात्र आतून पायजे," कुंदा म्हणाली.
झाडेनं फोनवर चित्र दाखवलं :
आतून लागते, बाहेर एक खाच असते,
वेळ आली तर नाण्यानं फिरवायची.

फरशी अजून इतवारीत अडकलीय.
मिस्त्री सोमवारी येतो म्हणतो, कोणता ते सांगत नाही.
माळ्यावर जमिनीला खडूच्या रेघा आहेत फक्त,
कुंदा संध्याकाळी वर जाते, दाराच्या रेघेतून आत शिरते
आणि उगाच उभी राहते. गात नाही.

मी खाली कूलरसमोर बसलेला.
शर्टाच्या खिशात दोन रुपयांचं नाणं.
भाजीवाल्याला सुटे हवे होते परवा,
नाहीत म्हणालो.